विद्यार्थ्यांचे गाणे, परदेशातले मिशन आणि कोल्हापूर

अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती विद्यापीठांचे वाद्यवृंद आणि गायनसंच सुट्टी लागली की दौऱ्यावर निघतात. गावोगावच्या चर्चमध्ये कार्यक्रम होतो. बऱ्याचदा तिकीट नसते, मध्येच अर्पणाची थैली फिरते, मुलेमुली त्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, घरी मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या गावाला लागते. जमलेले पैसे काही वेळा परदेशातल्या मिशनकार्याला जातात. कोल्हापूरकराला हे सारे फार दूरचे वाटेल. पण या प्रथेमागच्या इतिहासात कोल्हापूरचे नाव अगदी ठळक आहे, आणि ते इथल्या लोकांना माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये अहमदनगरहून कोल्हापुरात आले. त्यांचा भर शाळांवर होता. ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठवले होते, त्याचे सचिव रूफस अँडरसन यांना मात्र शाळांवरचा खर्च कमी करून मातृभाषेतल्या उपदेशाकडे वळायचे होते. वाद विकोपाला गेला आणि बोर्डाने कोल्हापूरच्या कामावरून हात काढून घेतला. वायल्डर मायदेशी जाऊन पुन्हा आले ते स्वतंत्र मिशनरी म्हणून. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळाने हे मिशन आपल्याकडे घेईपर्यंत ते हितचिंतकांच्या देणग्यांवर चालले. हजारो मैलांवरच्या, कोल्हापूर कधीही न पाहिलेल्या माणसाने आपल्या कमाईतला वाटा इकडे का पाठवावा? परदेशी मिशनपुढचा हा सगळ्यात अवघड प्रश्न होता. पत्रे, अहवाल, व्याख्याने हे त्यावरचे जुने उपाय. गाण्याची ताकद कळली ती जरा उशिरा, आणि ती दाखवली गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या घरांतल्या मुलांनी.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथे १८६६ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी फिस्क विद्यापीठ सुरू झाले. पाच वर्षांत ते बंद पडायच्या बेतात आले. खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थी निवडले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी हा चमू बाहेर पडला. अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते, अनेक हॉटेलांनी रंग पाहून दार लावून घेतले. त्याच दिवसांत शिकागोत मोठी आग लागली होती. सिनसिनाटीच्या कार्यक्रमात जमलेले पन्नास डॉलरही नसतील, पण स्वतःची ददात असताना त्यांनी ती रक्कम आगग्रस्तांना देऊन टाकली. आधी ते गोऱ्या श्रोत्यांना रुचतील अशी तेव्हाची लोकप्रिय गाणी म्हणत. पुढे ओबर्लिनच्या चर्च परिषदेत त्यांनी आईवडिलांकडून ऐकलेली, शेतात आणि झोपड्यांत गायली जाणारी गुलामांची भक्तिगीते म्हटली, आणि सभागृहाचा नूर पालटला. १८७३ मध्ये ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीपुढे गायले. सात वर्षांत दीड लाख डॉलर उभे राहिले. त्यातून बांधलेली ज्युबिली हॉल ही इमारत आजही उभी आहे. फिस्कचे काही विद्यार्थी पुढे मिशनरी म्हणून पश्चिम आफ्रिकेत गेले. पूर्वी फिस्कच्या चमूत गायलेल्या फ्रेडरिक लाउडिन यांच्या संचाने तर १८८४ ते १८९० या काळात जगभर फिरताना भारतातही कार्यक्रम केले. तोवर विद्यापीठाशी त्यांचा थेट संबंध उरला नव्हता, नाव मात्र फिस्कचेच होते.

इथून धागा कोल्हापूरकडे वळतो. १८७५ मध्ये फिस्कचे गायक लंडनमध्ये अमेरिकन धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांच्या धर्मसभांत गायले. याच मूडींनी १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे शिबिर भरवले. तिथे मुलांना परदेशी मिशनकडे वळवण्यासाठी जिवाचे रान करणारा तरुण म्हणजे रॉबर्ट वायल्डर. रॉयल वायल्डर यांचा हा मुलगा १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला होता. शिबिर संपेपर्यंत शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी जाण्याची तयारी दाखवली. नंतरच्या वर्षभरात रॉबर्ट आणि त्यांचे मित्र जॉन फोरमन यांनी दीडशेहून अधिक महाविद्यालये पालथी घातली आणि दोन हजारांवर नावे जमवली. फोरमनही मिशनरी घरातलेच, त्यांचे वडील लाहोरचे. या खटाटोपातून स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी राहिली. विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून परदेशी मिशनसाठी माणसे आणि पैसा उभा करायचा, ही सवय अमेरिकी महाविद्यालयांत रुजली ती इथपासून. आजच्या वाद्यवृंदांचे दौरे याच वळणावर जातात.

भारतात गाण्याचे काम निराळे होते. इथे पैसे गोळा करायचे नव्हते, माणसांशी बोलायचे होते. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेची पहिली तुकडी सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईत उतरली आणि वाजतगाजत रस्त्यावर निघाली, तर पोलिसांनी धरले. मराठी माणसाच्या मनात घर केले ते मात्र भजन-कीर्तनाने. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाची पदे रचली. मराठी चर्चचे 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडले तर विलायती चालींशेजारी ही पदे भेटतात, आणि मंडळी पेटी-तबला-झांजांवर ती मोकळ्या गळ्याने म्हणते. माझ्या मते मिशनच्या गाण्यांतले सर्वांत टिकाऊ तेच ठरले. ते कुणाच्या दौऱ्यावर अवलंबून नव्हते.

विसाव्या शतकात विद्यापीठांच्या दौऱ्यांना आणखी एक कारण मिळाले. जिथे धर्मोपदेशकाला प्रवेश नाही, तिथे कलाकाराला मिळतो. मॉर्मन चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा 'यंग अँबॅसिडर्स' हा संच १९७९ मध्ये चीनमध्ये जाऊन आला. त्यांच्या चर्चचे मिशनरी तिथे काम करू शकत नव्हते.

आपल्याकडेही पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्याला धर्मप्रचार करता येत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. बाहेरून येणारी देणगी परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदलेल्या किंवा पूर्वपरवानगी मिळालेल्या संस्थेलाच घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात जमा व्हावी लागते. कोल्हापुरातल्या एखाद्या मंडळीने असा वाद्यवृंद बोलवायचे ठरवले, तर हॉल आणि तारीख नक्की करण्याआधी पाळकसाहेबांनी आणि पंचांनी पाहुण्यांचा व्हिसा कोणता आहे, आणि अर्पण कुणाच्या खात्यात जाणार आहे, हे दोन्ही लेखी मागून घ्यावे.