बेंच प्रेस अडकला: काम कमी पडतंय की थकवा साचलाय?

बेंच प्रेसचं, म्हणजे बाकावर पाठीवर झोपून छातीवरून वर ढकलायच्या बारचं, वजन महिनाभर ६० किलोवरच आहे, आरशात फरक दिसत नाही आणि जिमला निघताना पाय जड होतात. अशा वेळी बहुतेक जण ठरवतात की आता आणखी जोर लावायचा. काहींना याचा फायदा होतो, पण बरेच जण यामुळेच आणखी मागे जातात. कारण प्रगती थांबण्याची कारणं दोन आहेत आणि ती वरून अगदी सारखी दिसतात. एकात शरीर रोजच्या कामाला सरावलेलं असतं, त्याला वाढायचं कारणच उरत नाही. दुसऱ्यात काम भरपूर झालेलं असतं, पण ते भरून काढायला वेळ, झोप किंवा जेवण कमी पडतं. पहिल्यात काम वाढवायचं, दुसऱ्यात कमी करायचं. चिकाटी दोन्हीकडे लागते, आणि खरं तर दुसऱ्या ठिकाणी जास्तच लागते.

वजन टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत शिस्तीत मांडणाऱ्यांत थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरचं नाव येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांकडून ते सुरुवातीला दहा-दहा रेपचे सात ते दहा सेट करून घ्यायचे. (रेप म्हणजे व्यायामाची एक पूर्ण आवृत्ती, सेट म्हणजे न थांबता सलग केलेले रेप.) १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९४८ साली वॉटकिन्स यांच्यासोबत लिहिताना मात्र त्यांनी सेट तीनवर आणले: जेमतेम दहा रेप निघतील त्या वजनाच्या निम्म्यावर पहिला, पाऊणपटीवर दुसरा आणि पूर्ण वजनावर तिसरा. वजन वाढवा असं सांगणाऱ्यानेच एकूण काम निम्म्याहून कमी केलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आपली अडचण यातली कोणती, हे वही सांगते. तारीख, वजन, प्रत्येक सेटचे रेप आणि सेट संपला तेव्हा आणखी किती रेप निघाले असते याचा अंदाज, एवढं लिहिलेलं असलं की पुरे.

काम कमी पडत असेल तर ६० किलोवर तीन सेटच्या रेपचे ८, ८, ७ हे आकडे आठवड्यामागून आठवडे तसेच राहतात. शेवटचा रेपही सफाईदार निघतो, झोप-भूक ठीक असते, दुसऱ्या दिवशी छाती जाणवतही नाही. नीट विचारलं तर कळतं की प्रत्येक सेटला चार-पाच रेप शिल्लक ठेवूनच बार रॅकवर जातो. इथे आधी सेट एक ते तीन रेप हातात राहतील इतपत न्यायचा. ८ ते १२ रेपची मर्यादा ठरवायची आणि तिन्ही सेटला १२ निघाले की बारच्या दोन्ही बाजूंना १.२५ किलोची एकेक प्लेट चढवायची. पाच किलोची घाई नको. लॅटरल रेझसारख्या (डंबेल बाजूने खांद्यापर्यंत उचलायच्या) व्यायामात ५ वरून थेट ७.५ किलोचं डंबेल म्हणजे दीडपट उडी होते, म्हणून तिथे आधी रेप १५-२० पर्यंत ताणायचे. एका स्नायूला आठवड्यात सहा-आठच सेट मिळत असतील तर दोन वाढवायचे. बहुतेकांना आठवड्याला १० ते २० सेट पुरतात. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याला तीन आठवडे द्यायचे, नाहीतर कशाचा उपयोग झाला तेच कळत नाही.

काम बरोबर असून आकार येत नसेल तर ताट पाहायचं. ७० किलोच्या माणसाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ११२ ते १५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. चार अंड्यांतून २४-२५ ग्रॅम मिळतात, ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून सुमारे २६, १०० ग्रॅम पनीरमधून १८-२०, आणि वाटीभर वरणातून फार तर सहा-आठ. पोळी-भाजी-वरणावर हा आकडा गाठला जात नाही. बल्किंगमध्ये, म्हणजे स्नायू वाढवण्यासाठी जास्त खायच्या काळात, आठवड्याला १७५ ते ३५० ग्रॅम वजन वाढलं की पुरेसं आहे. त्याहून वेगाने वाढलेल्या वजनात बराचसा वाटा चरबीचा असतो.

थकवा साचला असेल तर वहीत वेगळं दिसतं. ८, ६, ५, मग पुढच्या आठवड्यात ७, ५, ४. पहिल्याच, ताज्या सेटचा आकडा घसरतो, ही मुख्य खूण. वॉर्मअपचे ४० किलोही जड लागतात, पंप (व्यायाम करताना स्नायू फुगल्यासारखे वाटणं) येत नाही, कोपर किंवा खांद्याचा पुढचा भाग सतत कुरकुरतो. झोप मोडते, चिडचिड होते, सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी सलग काही दिवस नेहमीपेक्षा जास्त भरते. एखादा वाईट दिवस मात्र यात धरायचा नाही. रात्रीचं जागरण किंवा मे महिन्यात घामाने कमी झालेलं पाणी एवढ्यानेही तीन रेप जातात. दोन आठवडे, एकाहून जास्त व्यायामांत घसरण दिसली तरच थकवा म्हणायचा. स्क्वॉट आणि रो (वजन अंगाकडे ओढायचा व्यायाम) वाढतायत आणि फक्त बेंच पडतोय, तर आधी खांदा आणि बेंचची पद्धत तपासायची.

हे घडतं ते मुख्यतः प्रत्येक सेट अगदी रेप अडेपर्यंत नेण्याने. त्या शेवटच्या रेपमधून स्नायूला जास्तीचं फार थोडं मिळतं, पण थकवा बराच वाढतो. शिवाय स्नायू दोन-तीन दिवसांत सावरतो, त्याला हाडाशी जोडणारे कंडरे सावकाश सावरतात. तिथपर्यंत जायचंच असेल तर बायसेप कर्ल किंवा लॅटरल रेझच्या शेवटच्या सेटला जावं, स्क्वॉट-डेडलिफ्टला नाही.

यावर उपाय म्हणजे डीलोड, म्हणजे मुद्दाम हलका ठेवलेला एक आठवडा. दिवस आणि व्यायाम तेच, सेट निम्मे, वजन सुमारे १० टक्के कमी, आणि चार रेप हातात ठेवून थांबायचं. जेवण आणि प्रथिनं कमी करायची नाहीत. आठवडाभरात स्नायू उतरत नाहीत. ही भीती लोकांना इतकी असते की डीलोडच्या तिसऱ्या दिवशीच ते पूर्ण वजनावर परततात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

दोन्हींत ठरवता येत नसेल तर आधी डीलोडच घ्यावा. त्यानंतर ६० किलोवर ९, ९, ८ निघाले तर थकवाच होता. पुन्हा ८, ८, ७ आले तर काम किंवा जेवण कमी आहे. अंदाज चुकला तरी जातो तो एक आठवडा. उलट, थकलेल्या शरीरावर काम वाढवून पाहिलं आणि कोपर धरला तर महिने जातात.

कटिंगचा, म्हणजे कमी खाऊन चरबी उतरवायच्या काळाचा, हिशेब मात्र वेगळा आहे. शरीराचं वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरतंय आणि बेंच ६० वरच टिकलाय, तर ती अडलेली प्रगती नाही, कटिंग उत्तम चाललंय. तिथे बेंच वाढवायचा हट्ट धरून सेट चढवले की आधीच कमी खाणारं शरीर थकव्यात जातं. बेंबीपाशी सकाळी घेतलेलं कमरेचं माप आणि वजनाची आठवड्याची सरासरी बघायची, बारवरचं वजन टिकवायचं, गरज पडली तर सेट एक तृतीयांशाने कमी करायचे. ‘कट्स’, म्हणजे स्नायूंच्या ठळक रेषा, आणण्यासाठी हलकं वजन घेऊन रेप वाढवणं ही जिममधली जुनी चूक आहे. कट्स दिसतात ते चरबी उतरल्यावर, आणि ती उतरते आहारामुळे. अवजड सेट सोडले तर उलट स्नायूही जायला लागतो.

दोन आठवडे काम हलकं ठेवूनही थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि शाकाहारी माणसाने बी१२ तपासून घ्यावं. सांध्यात एकाच ठिकाणी टोचणारी कळ उठत असेल तर तो व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावं. आणि फार जड व्यायामानंतर स्नायू सुजून असह्य दुखतायत आणि लघवी कोलासारखी गडद होतेय, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरल्याची ती खूण असते आणि त्यात मूत्रपिंडाला धोका असतो.