अमेरिकेतलं एकूण एक पुस्तक ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये असतं?

वॉशिंग्टनच्या या ग्रंथालयात अमेरिकेत छापलेलं प्रत्येक पुस्तक सापडतं, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. तसं नाही. कॉपीराइटसाठी प्रती येतात खऱ्या, पण ग्रंथपाल त्यातून निवडून ठेवतात. शिवाय १८५१च्या आगीत ५५,००० पैकी सुमारे ३५,००० पुस्तकं जळाली. १८१५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनकडून विकत घेतलेल्यांपैकी दोन-तृतीयांश त्यातच गेली. वाचूनही जीव हळहळतो.

पण जे उरलंय, ते थक्क करणारं आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा जेफरसनच्या हातचा कच्चा खर्डा तिथे आहे. त्यात ‘प्रजाजन’ हा शब्द पुसून त्याच जागी ‘नागरिक’ लिहिलंय. हे उघड झालं २०१० मध्ये! सह्या केलेली प्रत मात्र नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दफ्तरखान्यात आहे. हा खर्डा घरबसल्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर फुकट बघता येतो. जरूर बघा.