पुलाखालच्या बागेत झाडं जगतात कशी?

माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ डॉ. आंबेडकर रोडवरच्या फ्लायओव्हरखाली नानालाल डी. मेहता उद्यान आहे, 2016 ला सुरू झालं, लांबी साधारण 600 मीटर, आणि आतली चालायची वाट नर्मदेच्या वळणांसारखी नागमोडी काढलीय. पूल आधीपासून तिथेच, दोन्ही बाजूंनी वाहता रस्ता, त्यातलं काहीच हलवता येणार नव्हतं, पण रहिवाशांनी धरूनच ठेवलं की इथे पार्किंग नको, बाग हवी. मला ही जिद्द फार मोठी वाटते.

आता गंमत बघा, डोक्यावर काँक्रीटचं छप्पर असताना झाडं जगवायची कशी? झाड उजेडात साखर बनवतं आणि श्वसनात दिवसरात्र ती खर्च करतं, म्हणजे कमाई खर्चाच्या वर गेली तरच ते वाढणार. लॉनच्या गवताला त्यासाठी भरपूर ऊन लागतं म्हणून गडद सावलीत ते विरळ होऊन पिवळं पडतं, पण मनीप्लांट, सिंगोनियम ही मंडळी मुळात जंगलात मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारी, त्यांचा खर्चच कमी, त्यामुळे थोडक्या उजेडात भागतं. शिवाय पूल उत्तर-दक्षिण असला तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन बाजूने आतपर्यंत येतं (शेजारी उंच बिल्डिंग नसली तर!).

पाण्याचं तर अजूनच अवघड. बाहेर मुंबईचा धो धो पाऊस आणि पुलाखाली मधली माती कोरडी ठणठणीत, भिजतात फक्त कडा. मग वाटतं की पुलावरून खाली येणारा पाइपच वाफ्यात सोडावा, पण पहिल्या सरींच्या पाण्यात ऑइल, टायर झिजून आलेलं झिंक, ब्रेकमधलं तांबं असलं सगळं येतं, ते पाणी आधी बाजूला काढायला हवं आणि नंतरचं वाळू-खडीतून गाळून मगच झाडांना द्यायला हवं.

धुराचं काय? रस्त्याच्या कडेला दाट, खालपासून पानांनी भरलेलं कुंपण लावलं तर वाटेवर येणारा धूर थोडा कमी होतो, लहान मुलांचं नाक गाड्यांच्या धुराच्या जवळ असतं म्हणून खालची फट तर अजिबात नको. आवाज मात्र पानांनी फारसा अडत नाही, त्याला भिंत किंवा मातीचा बांध लागतो. आणि एक काम कायमचं, पानं धुणं, कारण पुलाखाली पाऊस ती धुवत नाही आणि धुळीचा थर बसला की आहे तो थोडासा उजेडही पानाला पुरता मिळत नाही.