ढोल पुरी, डबल बी आणि बोटीतून येणारं प्रोटीन

मॉरिशसमध्ये ढोल पुरी एकटी कोणी मागत नाही, जोडीच मागतात. आणि ढोल म्हणजे वाजवायचा ढोल नाही हां, आपली डाळच, तिकडच्या स्पेलिंगमध्ये तिचं ढोल होऊन बसलंय. पुरी म्हणतात पण तळत नाहीत, तव्यावर भाजतात, मैद्याच्या पातळ पारीत हळद घालून शिजवलेली आणि कोरडी वाटलेली डाळ, म्हणजे गूळ काढून टाकलेली पुरणपोळीच म्हणा ना. त्यावर ग्रो प्वाची (म्हणजे आपल्या डबल बीची) करी, टोमॅटोचं रुगाय, सातिनी (चटणीच ती), गुंडाळली कागदात की झाला नाश्ता.

मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे डाळ शिजवलेलं पाणी. पुरणाचा कट आपण काढतो आणि त्याची आमटी करतो, ते लोक त्याच पाण्यात मैदा मळतात. डाळीतलं थोडं विरघळणारं प्रोटीन, स्टार्च, खनिजं त्या पाण्यात उतरलेली असतात, ती परत पुरीत जातात, वाया काहीच नाही.

आता हिशोब करू. एका पुरीला 25 ग्रॅम मैदा आणि 15 ग्रॅम कोरडी डाळ धरली तर मैद्यातून अडीच ग्रॅम आणि डाळीतून साडेतीनच्या आसपास प्रोटीन येतं, जोडीचे झाले 12, वर दोन डाव ग्रो प्वा म्हणजे आणखी तीन-चार. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम लागतं, म्हणजे रस्त्यावर उभ्या उभ्या पाव ते एक तृतीयांश काम झालं. त्यातही गव्हात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर, आणि डाळीत मेथिओनिन कमी पडतं ते गहू भरून काढतो. वरण-भाताचं जे गणित तेच हे, फक्त इथे दोन्ही एकाच घासात येतात.

हे तिकडे गेलं कसं ते माहितीच असेल. 1834 पासून करारावर मजूर नेले, साडेचार लाखांच्या वर माणसं पोर्ट लुईला उतरली, त्यात रत्नागिरीकडचे आपले लोकही होते, त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात. मजुरांना रेशनमध्ये तांदूळ आणि डाळ मिळायची. उसाच्या मळ्यात दिवसभर राबणाऱ्याला मांस परवडणार थोडंच, प्रोटीन आलं ते डाळीतूनच.

पण गंमत बघा, डाळीवर वाढलेल्या या देशात डाळ जवळजवळ पिकतच नाही. खाण्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त वस्तू बाहेरून येतात, त्यात डाळीही आल्या. ग्रो प्वा, म्हणजे आपल्याकडे पुण्या-मुंबईत डबल बी म्हणून मिळतात त्या चपट्या मोठ्या बिया, त्या मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावरून येतात. पुरीतली डाळ बऱ्याचदा पिवळ्या वाटाण्याची, आणि त्या वाटाण्याच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या निर्यातदारांपैकी एक कॅनडा. आणि भारत? भारताने 2006 मध्ये डाळींच्या निर्यातीवर बंदी घातली ती पूर्ण उठायला 2017 उजाडलं, आपल्यालाच पुरत नाही तर दुसऱ्याला काय देणार.

याच्याकडे नायट्रोजनच्या बाजूने बघितलं तर अजून मजा येते. वाटाण्याचं रोप उपटून मुळावरची एखादी गाठ नखाने फोडा, आत गुलाबी दिसतं. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊच. गाठीत रायझोबियम बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन पकडत असतात, पण त्यांचं एन्झाइम मोकळ्या ऑक्सिजनने बिघडतं, म्हणून हे गुलाबी प्रोटीन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने सोडतं. तो नायट्रोजन पुढे दाण्यातल्या प्रोटीनमध्ये जातो. एक टन वाटाण्यात 230 किलो प्रोटीन धरलं तर त्यात 37 किलोच्या आसपास नायट्रोजन असतो, म्हणजे कॅनडाच्या शेतातल्या गाठींनी हवेतून पकडलेला नायट्रोजन बोटीने पोर्ट लुईला येतो, आणि बेटावरच्या उसाला मात्र विकतचं खत घालावं लागतं!

मग तिथेच का पिकवत नाहीत? जागा नाही असं सगळे म्हणतात, ते मला पूर्ण पटत नाही. साडेबारा लाख लोकांनी रोज 50 ग्रॅम डाळ खाल्ली तर वर्षाला जवळपास 23 हजार टन लागेल, हेक्टरी एक टन धरला तर 23 हजार हेक्टर, आणि ऊस अजून 40 हजार हेक्टरच्या आतबाहेर आहे. शिवाय घेवड्याचं पीक तीन महिन्यांत निघतं. खरी अडचण जागेपेक्षा पैशाची आहे. 1975 पासून 2009 पर्यंत युरोप ठरलेल्या चढ्या भावाने साखर घेत होता, मग घेवडा कोण लावणार. त्यात जमीन ज्वालामुखीची, शेतात काळे दगडच दगड, उसाच्या मधोमध माणसांनी वेचून रचलेले त्यांचे ढीग अजून उभे आहेत. अशा रानात कॅनडासारखं मोठं मशीन फिरवायचं कसं, हाताने तोडलेली शेंग महाग पडते, आणि वादळं येतात ती वेगळीच. ऊस वादळात आडवा झाला तरी पुन्हा उठतो, घेवडा नाही उठत.

आणि डबल बीची तर वेगळीच कथा. हीच वेल मॉरिशसमध्ये हिरवळीचं खत म्हणून लावायचे, आणि तिथल्या गडद रंगाच्या बिया विषारी निघायच्या. 1903 मध्ये लंडनमध्ये डन्स्टन आणि हेन्री या दोघांनी मॉरिशसच्या बियांमधून त्यामागचा पदार्थ वेगळा काढला, नाव दिलं फेजिओल्युनाटिन, नंतर कळलं की जवसात आधीच सापडलेलं लिनामारिन ते हेच. बीमध्ये लिनामारिन एकीकडे आणि त्याला फोडणारं एन्झाइम दुसरीकडे असतं, बी चावली-चिरडली की दोघं एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. किड्यांनी तोंड लावू नये, असा तो बंदोबस्त.

नुसतं शिजवलं की काम झालं असं वाटतं, पण उकळण्याने एन्झाइम मरतं, लिनामारिन तसं टिकतं, आणि आपल्या आतड्यातले बॅक्टेरिया ते फोडू शकतात. म्हणून रात्रभर भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या भरपूर पाण्यात झाकण न ठेवता उकळायचं आणि तेही पाणी टाकायचं. बाजारातल्या पांढऱ्या जातींमध्ये हे विष फारच कमी असतं, तरी ही सवय मोडू नये. म्हणजे एकाच पुरीत दोन उलटे नियम आहेत, डाळीचं पाणी राखायचं आणि ग्रो प्वाचं फेकायचं.

देशात एक जागा मात्र अजून स्वतःचा घेवडा पिकवते, रॉड्रिग्स. मुख्य बेटाच्या पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर, 108 चौरस किलोमीटरचं छोटं बेट, तिथला लाल घेवडा मुख्य बेटावरचे लोक आवर्जून मागवतात. पाण्याची मात्र तिथे कायम बोंब.