संथ अणूलाही सापेक्षता लागू असते

आपल्या इंदुरात एक समज पक्का बसलाय: कॅट (आताचं आरआरकॅट) या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ यंत्रातले इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावतात, म्हणून आइनस्टाइनची सापेक्षता (धावणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं) फक्त त्यांना, लेझरच्या प्रयोगांतल्या संथ अणूंना न्यूटन पुरे. हे साफ चूक आहे. वेग कमी असला की परिणाम बारीक होतो, नाहीसा होत नाही.

२०१० मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियमचा एकच आयन (विद्युतभारित अणू) सेकंदाला १० मीटरहूनही कमी वेगाने, म्हणजे एम. जी. रोडवरच्या स्कूटरसारखा, हलवला. तरी त्याचं घड्याळ, म्हणजे त्याच्या ठरावीक कंपनांवर चालणारं घड्याळ, मागे पडलेलं दिसलं! सेकंदाला १० मीटर वेगाला हा फरक १०¹⁶ भागांत साडेपाच भाग. साध्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटरने धावतो. तिथे हा फरक नऊशे पट, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. अणुघड्याळांत अणू थंड करण्यामागे हेही एक कारण आहे.