अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचे श्वसन

गर्भारपणाचे ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे धरले जाते. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतातली होती. दुसऱ्या कोणत्याही देशात हा आकडा एवढा मोठा नाही. ‘बाळाला काचेत ठेवलंय’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक घरांनी कधी ना कधी ऐकलेले असते. काचेच्या पेटीतल्या त्या बाळाची पहिली झुंज श्वासाशी असते. गेल्या शंभर वर्षांत या श्वासावर झालेल्या संशोधनाने असंख्य मुले वाचवली. त्याच संशोधनाच्या वाटेवर चांगल्या हेतूने केलेल्या उपचारांनी हजारो मुलांची दृष्टीही गेली. या नोंदीत दोन्ही गोष्टी येतात, कारण एक वगळली तर दुसरी नीट कळत नाही.

पोटात असताना बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि त्याला प्राणवायू वारेतून मिळतो. जन्मानंतर काही मिनिटांत तो द्रव निघून जाऊन फुप्फुसांतल्या सूक्ष्म वायुकोशांत हवा भरावी लागते. हे कोश आतून ओले असतात. ओल्या प्लास्टिक पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटल्या की उघडताना जोर लागतो, तशीच पाण्याच्या पृष्ठताणामुळे कोशांची भिंत आत ओढली जाते. कोश जितका लहान, तितकी ही ओढ जास्त. यावर निसर्गाची तोड म्हणजे सर्फॅक्टंट. वायुकोशांतल्या विशिष्ट पेशी हा स्निग्ध पदार्थ तयार करतात. तो पाण्यावर पातळ थर धरून पृष्ठताण जवळजवळ नाहीसा करतो, म्हणून श्वास सोडल्यावरही कोश मिटत नाहीत. सुमारे २४व्या आठवड्यापासून तो तयार होऊ लागतो आणि पुरेसा साठा साधारण ३४–३५व्या आठवड्यापर्यंत होतो. सातव्या महिन्यातले बाळ जगते आणि आठव्यातले दगावते, ही जुनी समजूत म्हणूनच साफ चुकीची आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूने असतो.

सर्फॅक्टंट अपुरा असलेले बाळ जन्मल्यापासून काही तासांत थकू लागते. श्वास मिनिटाला ६०च्या वर जातो, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली जागा आणि छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, ओठ निळसर पडतात. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाळ कण्हते. हे कण्हणे वेदनेचे नसते. घशाचे दार अर्धवट मिटून बाळ थोडी हवा आत अडवून धरते, कारण ती सुटली तर कोश मिटतील. इतका लहान जीव स्वतःच शोधून काढतो तो हा उपाय आहे, आणि पुढे एका महत्त्वाच्या उपचाराचे तत्त्व नेमके हेच ठरले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या आजाराचे कारण अंधारातच होते. मृत बाळांच्या फुप्फुसांत काचेसारखे गुलाबी पापुद्रे दिसत, म्हणून आजाराचे नावही त्या पापुद्र्यांवरूनच पडले होते. बाळाने दूध किंवा गर्भजल ओढून घेतले असावे, असा अनेकांचा तर्क होता. खरा धागा भलतीकडे सापडला. कुर्ट फॉन नेरगार्ड यांनी १९२९मध्येच दाखवले होते की फुप्फुस हवेऐवजी द्रवाने फुगवले तर फार कमी जोर लागतो, म्हणजे पृष्ठताण हा मोठा अडसर आहे. त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. पुढे विषारी वायूंवर काम करणाऱ्या लष्करी प्रयोगशाळांत, इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन येथे रिचर्ड पॅटल यांना फुप्फुसातल्या फेसाचे बुडबुडे विलक्षण टिकाऊ असल्याचे आढळले (१९५५), आणि अमेरिकेत मेरिलंडमध्ये जॉन क्लेमंट्स यांनी फुप्फुसाच्या अर्काचा पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला (१९५७). बॉस्टनमधल्या तरुण डॉक्टर मेरी एलन एव्हरी यांनी हे मोजमाप शिकून घेतले. जेरे मीड यांच्यासह १९५९मध्ये त्यांनी सिद्ध केले की या आजाराने गेलेल्या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट नसतो. पापुद्रे हा परिणाम होता. फुप्फुसात काय आले हे शोधण्यात डॉक्टर गुंतले होते आणि काय नाही हे एव्हरींनी पाहिले. या विषयातली सर्वांत मोठी झेप तीच.

कारण कळले तरी उपाय नव्हता. ऑगस्ट १९६३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २.१ किलो, म्हणजे आजच्या मानाने फारसे चिंतेचे नाही. जगातले उत्तम वैद्यकीय साहाय्य हाताशी असूनही तो ३९ तासांनी गेला. या मृत्यूनंतर या आजाराकडे लोकांचे आणि संशोधकांचे लक्ष मोठ्या प्रमाणावर वळले.

कण्हण्याचे मर्म ओळखून जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे १९७१मध्ये बाळाच्या श्वासमार्गात सतत हलका दाब ठेवण्याची पद्धत मांडली. पहिल्या २० अत्यवस्थ बाळांपैकी १६ वाचली. आज तिला सीपॅप म्हणतात. तिचे एक साधे रूप, बबल सीपॅप, आपल्याकडच्या अनेक नवजात शिशू कक्षांत दिसते: नाकातल्या नळीची दुसरी बाजू पाण्यात बुडवलेली असते आणि नळी जितके सेंटिमीटर खोल, तितका दाब. बाजूला पाणी बुडबुडत राहते. बुडबुडे थांबले की कुठेतरी हवा गळते आहे, हे परिचारिकेला लगेच कळते.

सर्फॅक्टंट बाहेरून देण्याचे सुरुवातीचे प्रयत्न फसले, कारण तेव्हा त्यातला एकच घटक फवाऱ्याने दिला जात होता. जपानमधल्या अकिता येथील तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८०मध्ये गायीच्या फुप्फुसापासून तयार केलेला सर्फॅक्टंट १० बाळांच्या श्वासनलिकेत थेट सोडला आणि त्यांची प्रकृती काही तासांतच सुधारली. स्वीडनमध्ये बेंग्ट रॉबर्टसन आणि तोरे कुर्स्टेट यांनी डुकराच्या फुप्फुसापासून असेच औषध बनवले. १९९०च्या आसपास ही औषधे सर्रास वापरात आली.

बाळ जन्मण्याआधीच फुप्फुसे तयार करण्याचा शोध मात्र न्यूझीलंडच्या एका गोठ्यात लागला. ऑकलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात हे मेंढ्यांवर अभ्यासत होते. पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिले की मेंढी लवकर विते, हे त्यांनी पाहिले. पण इतक्या लवकर जन्मलेली कोकरे श्वासच घेऊ शकणार नाहीत अशी खात्री असताना काही श्वास घेत होती. बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांच्याबरोबर त्यांनी लवकर कळा सुरू झालेल्या मातांवर चाचणी केली आणि २८२ मातांचा पहिला अहवाल १९७२मध्ये दिला. अवेळी कळा लागलेल्या मातांच्या बाळांत श्वसनत्रास औषधाविना २५.८ टक्क्यांना, तर औषध दिल्यावर ९ टक्क्यांना झाला. औषध स्वस्त होते आणि फक्त एक-दोन दिवसांचा अवधी मागत होते. तरीही ते सर्वत्र रुजायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने त्याची ठाम शिफारस केली ती १९९४मध्ये. दरम्यान अनेक लहान चाचण्यांचे आकडे एकत्र मांडल्यावर उत्तर किती आधीपासून स्पष्ट होते हे दिसले. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात त्याच चाचण्यांचा आलेख आहे. त्या वीस वर्षांत गेलेल्या बाळांचा विचार मनात आल्याशिवाय ते चिन्ह पाहता येत नाही.

प्राणवायूची कहाणी याहून कठोर आहे. १९४०च्या दशकात बंदिस्त पेट्या आल्या आणि बाळांना मुक्तहस्ते प्राणवायू दिला जाऊ लागला. १९४२मध्ये बॉस्टनचे थिओडोर टेरी यांनी अशा बाळांमध्ये डोळ्यांच्या भिंगामागे तंतूंचा थर वाढून अंधत्व येत असल्याचे नोंदवले. कारण उमगेपर्यंत सुमारे १०,००० मुले आंधळी झाली. मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी १९५१मध्ये प्राणवायूकडे बोट दाखवले आणि १९५३–५४मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांच्या एकत्रित चाचणीने ते पक्के केले. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. प्राणवायू सरसकट तोडला गेला, अंधत्व घटले, पण श्वासाअभावी मृत्यू वाढले. नेमके किती द्यावे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर २०१०नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी दिले. रक्तातल्या प्राणवायूची पातळी ८५–८९ टक्क्यांवर ठेवली तर मृत्यू जास्त होतात, ९१–९५वर ठेवली तर डोळ्यांचा आजार जास्त होतो. म्हणून आता साधारण वरची पातळी राखतात आणि डोळे वेळेवर तपासतात. भारतात हा आजार तुलनेने मोठ्या बाळांतही आढळतो. त्यामुळे ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिनाभरात, आणि फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांत, तपासून घ्यायला हवा. बाळ दिसायला कितीही ठणठणीत असले तरी ही तपासणी टाळू नये.

व्हेंटिलेटरनेही अशीच किंमत वसूल केली. त्यावर वाचलेल्या बाळांच्या फुप्फुसांना होणारी दीर्घकालीन इजा विल्यम नॉर्थवे यांनी १९६७मध्ये वर्णन केली. ती टाळायला जन्मानंतर जास्त मात्रेत स्टेरॉइड देण्याची प्रथा आली. बाळे यंत्रावरून लवकर उतरली खरी, पण पुढे त्यांच्यात मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) अधिक दिसला आणि ती प्रथा आवरावी लागली. याउलट कॅफीन हे जुने, साधे औषध खरे उतरले. या बाळांचा मेंदू कधी कधी श्वास घ्यायचेच विसरतो आणि २० सेकंदांहून जास्त काळ श्वास थांबतो. चहा-कॉफीतले हेच द्रव्य मोजक्या मात्रेत दिले की ते थांबणे कमी होते. २,००६ बाळांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत कॅफीन मिळालेल्या बाळांमध्ये फुप्फुसांची दीर्घ इजा ४७ ऐवजी ३६ टक्क्यांना झाली, आणि दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात मेंदूचा पक्षाघातही कमी आढळला.

एका ठिकाणी उपयोगी ठरलेला उपचार दुसरीकडे तसाच लागू पडेल असे नाही, हा धडा महाराष्ट्रानेही अनुभवला. गर्भवतींना द्यायची स्टेरॉइडची इंजेक्शने गावपातळीवर पोचवण्याची मोठी चाचणी सहा देशांत झाली. नागपूर आणि बेळगाव ही तिची भारतातली केंद्रे होती. २०१५च्या निकालात लहान बाळांना फायदा दिसला नाही, उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले. दिवस किती भरले हे नक्की माहीत नसताना अनेक अशा मातांनाही औषध गेले, ज्यांची बाळे पुढे पूर्ण दिवसांनी जन्मली. नंतर भारतासह पाच देशांत, सोनोग्राफीने दिवस मोजून आणि नवजात बाळाची नीट काळजी घेऊ शकणाऱ्या रुग्णालयांतच चाचणी झाली. त्या २,८५२ मातांच्या चाचणीत (२०२०) मृत्यू स्पष्टपणे घटले. औषध एकच होते. तारीख नक्की होती आणि बाळ चांगल्या हातांत होते, एवढाच फरक.

यंत्रांविनाही बरेच काही होते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवले. ३९ गावांतल्या प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन बाळाला ऊब देणे, आईचे दूध पाजवणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे आणि जन्मतः न रडलेल्या बाळाला कृत्रिम श्वास देणे ही कामे केली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला (१९९९चा अहवाल). मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, कारण या बाळांच्या आतड्यांना आणि प्रतिकारशक्तीला आईच्या दुधासारखे दुसरे काही मानवत नाही.

बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवण्याची कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. आधी पेटीत बाळ स्थिर करायचे आणि मग आईकडे द्यायचे, असा क्रम पुढे कित्येक वर्षे पाळला गेला. भारतासह पाच देशांतल्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या ३,२११ बाळांपैकी अर्ध्यांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीवर ठेवले. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले आणि चाचणी वेळेआधी थांबवली गेली (२०२१). पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जन्मानंतर शक्य तितक्या लवकर कांगारू पद्धत सुरू करण्याची शिफारस केली. त्यासाठी नवजात अतिदक्षता विभागात बाळाच्या यंत्रांशेजारी आईची खाट लागते. ही खाट ज्या विभागांत नाही, तिथे आई अजूनही दाराबाहेर बसून असते.