मुलांचं ऐकणं, तोल आणि अभ्यास

"हाक मारली की ओ देतो, मग कानाचा काय प्रश्न?" असं पालक आम्हाला कान तपासताना रोज विचारतात. हाक ऐकू येणं वेगळं आणि वर्गातलं बोलणं कळणं वेगळं. स्वर ठळक असतात. क, थ, फ, स ही व्यंजनं बारीक आणि क्षणभराची. कान थोडा जरी मंदावला तरी स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. मग 'काल' आणि 'खाल' एकच वाटतं आणि श्रुतलेखनाच्या वहीत लाल खुणा वाढतात.

आवाजाने पडदा थरथरतो. पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं ती थरथर आत पोचवतात. रिकीब जेमतेम 3 मिलिमीटरची. पुढे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीच्या अडीच वेढ्यांतला द्रव हलतो आणि केसांसारखे तंतू असलेल्या केसपेशी मेंदूकडे संदेश धाडतात. या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

शाळेतल्या मुलांत मात्र बहुतेकदा दोष आढळतो तो पडद्यामागे साचलेल्या चिकट द्रवाचा. नाक-कान जोडणारी नळी लहानपणी आखूड आणि आडवी असते. सर्दीने ती सुजली की मधल्या कानात हवा जात नाही, द्रव साचतो, हाडं मोकळी हलत नाहीत. बऱ्याचदा दुखत नाही, ताप नसतो. ऐकणं साधारण 25-30 डेसिबलने उतरतं, तेही आज कमी, उद्या बरं. म्हणूनच 'मनात असलं की ऐकतो' असा शिक्का बसतो, आणि तो त्या मुलावर अन्याय आहे. द्रव बहुधा तीन महिन्यांत ओसरतो; न ओसरल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. कोमट तेल घालू नका. ते पडद्याबाहेरच राहतं, आणि पडद्याला भोक असेल तर आत जाऊन कान वाहू लागू शकतो.

तोलाची इंद्रियंही याच आतल्या कानात आहेत. हे पत्रक स्थिर धरून मान डावी-उजवीकडे हलवत वाचा: अक्षरं जागच्या जागी राहतात. आता मान स्थिर ठेवून पत्रक तेवढ्याच वेगाने हलवा: अक्षरं पुसट होतात. मान वळताच कानातल्या तीन अर्धगोल नळ्या डोळ्यांना उलट दिशेने फिरवतात, म्हणून हे जमतं. फळ्यावरचं वहीत उतरवताना मुलाची मान सारखी वर-खाली होते. ही यंत्रणा कच्ची असेल तर ओळ सुटते, मूल लवकर दमतं. दीड वर्षापर्यंत चालू न लागणं, अंधारात किंवा वाळूत सारखं पडणं याही खुणा समजा. जन्मतःच खूप कमी ऐकू येणाऱ्या मुलांचा तोलही तपासून घ्यावा.

घरी पंखा लावून, मुलाच्या मागे तीन मीटरवर उभे राहून नेहमीच्या आवाजात म्हणा: काल-खाल, पार-फार, सात-साथ, कप-टप. मुलाने तेच शब्द परत म्हणायचे. दोन-तीनदा चुकलं तर तपासणीची वेळ घ्या. सर्दी असली तरी या; पडद्यामागचा द्रव तेव्हा सापडण्याची शक्यता जास्त असते. पडद्यामागच्या हवेच्या दाबाच्या तपासणीला प्रत्येक कानासाठी दोन मिनिटं पुरतात आणि दुखत नाही. येताना शाळेची श्रुतलेखनाची वही सोबत आणा.